कागदाचं मखर पटकन पेटू नये म्हणून: टाकणखाराचं पाणी पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

तीन वर्षांपूर्वी कानबाईच्या (आमच्या खानदेशातली देवी) जागरणाच्या रात्री आत्याच्या घरी मखराची झालर पेटली. क्रेप कागदाची गुलाबी झालर, मीच कापून लावलेली. कुणीतरी दिव्यात तेल घालायला वाकलं, वात जराशी उसळली आणि हातातला चहाचा कप खाली ठेवेपर्यंत डावी बाजू वरपर्यंत गेली. आतेभावाने ओल्या टॉवेलने खेचून पाडली म्हणून निभावलं, माणसांना काही झालं नाही. पण मला लाज कशाची वाटली तर मी सगळ्यांना छाती ठोकून सांगितलं होतं की मी कागदाला तुरटीचं पाणी मारलंय, आता पेटणार नाही म्हणून.

तेव्हापासून या विषयाच्या मागे लागलो. शाळांच्या गॅदरिंगचे पडदे, गणपतीची आरास, कानबाईचं मखर असं दरवर्षी काही ना काही करतो, आणि बरंच जाळून बघितलंय. २०१८ ला महाराष्ट्रात थर्माकोलवर बंदी आल्यापासून सगळेच कागद, पुठ्ठा, कापड, बारदान याकडे वळलेत, चांगलंच आहे, पण या सगळ्या वस्तू म्हणजे सेल्युलोज, म्हणजे सरपणाचेच भाऊबंद. तर मी जिथे जिथे चुकलो ते टाळून तुम्ही कसं करायचं ते लिहितोय.

१. आधी डोक्यात हे पक्कं करा

'फायरप्रूफ कागद' असं काही घरी होत नाही. पाणी मारलेला कागदसुद्धा आगीत धरून ठेवला तर काळा पडणार, धूर करणार, मोठ्या आगीत जळणारसुद्धा. आपल्याला काय हवंय, तर ठिणगी पडली, वात टेकली, वायर स्पार्क झाली तर तिथल्या तिथे काळा डाग पडून विझावं, वरपर्यंत ज्योत पळू नये. तेवढ्या वेळात माणूस उठून पाणी टाकतो किंवा बाहेर पडतो.

हे होतं कसं ते थोडक्यात. कागद स्वतः जळत नाही, तो साधारण ३०० अंशाच्या आसपास तापला की फुटतो आणि त्यातून पेट घेणारा वायू निघतो, ज्योत त्या वायूची असते. फॉस्फेट किंवा बोरेट कागदात मुरलेलं असेल तर तोच कागद वायू कमी सोडतो आणि कोळसा जास्त होतो, वर पाण्याची वाफ निघते. बोरॅक्स, म्हणजे आपला टाकणखार, आणखी एक काम करतं, वितळून काचेसारखा थर धरतं. हे बघायचं असेल तर सराफाकडे जा, आमच्या जळगावला त्यांची काही कमी नाही. डाग लावताना, म्हणजे दागिन्याचा जोड देताना, सोनार टाकणखार टाकतो, तो आधी लाहीसारखा फुलतो आणि मग चकचकीत काच होऊन पसरतो. तेच कागदावर, फक्त फार पातळ.

आणि हे नवीन खूळ नाही. १७३५ मध्ये इंग्लंडात ओबडाया वाइल्ड नावाच्या माणसाने तुरटी, बोरॅक्स आणि हिराकस वापरायचं पेटंट घेतलं होतं. १८२१ मध्ये गे-ल्यूसॅक या फ्रेंच शास्त्रज्ञाने नाटकगृहांच्या कापडासाठी अमोनियम फॉस्फेट, नवसागर आणि बोरॅक्स यांची मिश्रणं सुचवली, कारण पडदे पेटून थिएटरं जळत होती. आज आपण जे बादलीत ढवळतो ते जवळजवळ तेच आहे.

२. काय काय जमवायचं

टाकणखार (बोरॅक्स, काही जण सवागी म्हणतात), बोरिक ॲसिड पावडर, ग्रॅम दाखवणारा किचन काटा, प्लास्टिकची बादली आणि मोठा पसरट टब, ढवळायला लाकडी दांडा, रबरी हातमोजे, मास्क, एक लिटरची स्प्रे बाटली, शाम्पूची एक पुडी, जुनी मच्छरदाणी किंवा जाळी, आणि एक वही. वही विसरू नका, का ते पुढे येईल.

स्वयंपाकाची भांडी वापरायची नाहीत. बोरिक ॲसिड पोटात गेलं तर विषारी आहे, लहान मुलांना जास्त, आणि युरोपात त्याची नोंद प्रजननाला धोका असलेल्या पदार्थांत आहे, म्हणून गरोदर बाईने या कामात हात घालू नये आणि पोरांना बादलीजवळ फिरकू देऊ नये. आत्या मला मोरीत टब घेऊन बसलेला बघून म्हणाली होती, "हाई काय करी राह्यना रे भो?" (हे काय करतोयस रे भाऊ?) आणि पुढच्या मिनिटाला घरातली परात ढवळायला आणून दिली. परात परत पाठवा.

प्रसादाच्या पत्रावळी, द्रोण, वाती, लहान मुलं तोंडात घालतील अशी कागदी खेळणी, यांना हे पाणी कधीच लावायचं नाही.

३. कुठलं रसायन, आणि कुठलं अजिबात नाही

सुरुवात करणाऱ्याने टाकणखार आणि बोरिक ॲसिडची जोडीच घ्यावी. दोघं का, तर एकटा टाकणखार ज्योत दाबतो पण मागे लाल निखारा हळूहळू सरकत राहतो, बोरिक तो निखारा मारतं पण एकटं असेल तर ज्योत नीट दाबत नाही. आपल्याकडे जिनिंगमध्ये काम केलेल्या कुणालाही विचारा निखारा म्हणजे काय, कापसाच्या गाठीत एक ठिणगी गेली तर वरून काही दिसत नाही आणि आत तास न् तास धुमसत राहतं. कागदाचा लगदा, रुई, बारदान सगळ्यांचा स्वभाव तोच.

बोरिक ॲसिड म्हणून कॅरमची पावडर उचलू नका. काही डब्यांत बोरिक असतं, काहींत नुसता स्टार्च, आणि स्टार्च म्हणजे पीठच की. डब्यावर लिहिलेलं नसेल तर सोडा, केमिकलच्या दुकानात जा. टाकणखारसुद्धा आयुर्वेदिक दुकानातून घेताना कच्चा मागा, लाही केलेला नको, त्यातलं पाणी उडालेलं असतं त्यामुळे वजनाचा हिशोब चुकतो.

आता खरी खानदेशी गोष्ट. आपल्याकडे ठिबकवाल्या प्रत्येक घरात विद्राव्य खतांच्या गोण्या पडलेल्या असतात, केळीला, कपाशीला सोडायच्या. त्यातली १२-६१-०० म्हणजे मोनो अमोनियम फॉस्फेट. भिंतीवर टांगलेल्या एबीसी पावडरच्या आग विझवायच्या सिलेंडरमध्ये मुख्य माल तोच असतो. लिटरला १०० ग्रॅम घातलं की कागदावर छान काम करतं. पण आम्लधर्मी आहे, काही महिन्यांत कागद पिवळा पडून तुकडे व्हायला लागतात, शिवाय खिळे, स्टेपलच्या पिना गंजतात. दहा दिवसांची आरास असेल तर चालेल, दरवर्षी जपून ठेवायचं मखर असेल तर नको.

कपाशीवर, डाळिंबावर फवारायचं बोरॉन २० टक्के मिळतं, पाकिटावर डायसोडियम ऑक्टाबोरेट टेट्राहायड्रेट लिहिलेलं असेल तर तेही चालतं, ती टाकणखार आणि बोरिकची जोडी कारखान्यात आधीच जमवून दिलेली आहे असं समजा. लिटरला १०० ग्रॅम, पाण्यात पटकन विरघळतं, नवख्याला सगळ्यात सोपं हेच.

साधं डीएपी खत, दाणेदार, १८-४६-०० वालं, ते नको. दाण्यावर लेप असतो, गाळ राहतो, कागद मातकट होतो.

आणि आता नीट वाचा. १३-००-४५ ची गोणी दिसायला तशीच पांढरी, तशीच विरघळणारी, बऱ्याचदा १२-६१ च्या शेजारीच ठेवलेली. ती पोटॅशियम नायट्रेट आहे, म्हणजे सोरा. ते कागदाला लावलं तर कागद वाचायचा सोडा, उलट फटाक्याच्या वातीसारखा सुरसुरत जाईल. कॅल्शियम नायट्रेटही नको. नावात नायट्रेट दिसलं की हात मागे. गोणी फाटलेली, लेबल गेलेलं, 'तेच असेल बहुतेक' असं कुणी म्हणालं तरी वापरायचं नाही. माझ्या एका मित्राने अर्धवट गोणीतून अंदाजाने घेतलं होतं, नशीब की आम्ही आधी पट्टी जाळून बघायचो.

तुरटीचं काय? तुरटी अगदीच निरुपयोगी नाही, तिच्यात पाणी धरलेलं असतं ते तापल्यावर सुटतं. पण माझ्यासारखं मूठभर तुरटी बादलीभर पाण्यात फिरवून काही होत नाही, आणि जास्त घातली तर कागद आम्लाने खराब होतो. मी सोडून दिली.

४. कागद निवडा आणि कोरडं वजन घ्या

जो कागद पाणी पितो त्यालाच हे लागू पडतं. वर्तमानपत्र, क्रेप, पतंगाचा ताव, हातकागद, पुठ्ठा, मांजरपाट, सुतळी, बारदान, केळीच्या सोपटाचा धागा, वाळलेलं गवत, हे सगळं चालतं. घोटीव चकचकीत कागदाची रंगीत बाजू पाणी धरत नाही, मागून फवारावं लागतं. जिलेटीन म्हणून जो चमकदार कागद मिळतो तो आता बहुतेक प्लास्टिकच असतो, फ्लेक्स तर प्लास्टिकच आहे, सॅटिनच्या पट्ट्या पॉलिएस्टर. यांच्यावरून पाणी ओघळून जातं, आणि वितळून ठिबकणाऱ्या प्लास्टिकला हा उपाय नाहीच. मखरात दिव्याजवळ असलं काही ठेवूच नका.

वजन का घ्यायचं? कारण किती माल, म्हणजे आपलं रसायन, कागदात गेला हे डोळ्यांनी कळत नाही. कोरड्या कागदाच्या वजनाच्या १० ते १२ टक्के माल आत गेला पाहिजे. परदेशात जुन्या वर्तमानपत्रांचा चुरा करून घराच्या भिंतीत थंडीसाठी भरतात, त्यात बोरेट वगैरे मिळून १५ ते २० टक्क्यांपर्यंत घालतात. आपल्या आराशीला १०-१२ पुरतं. म्हणजे अर्धा किलो कागद घेतला तर काम झाल्यावर, पूर्ण वाळल्यावर, ५५० ते ५६० ग्रॅम भरला पाहिजे.

इथे एक गंमत आहे. श्रावणात कागद हवेतलं पाणी धरतो, सकाळी एक वजन आणि दुपारी ऊन पडल्यावर वेगळं. मी पहिल्यांदा पावसाळी सकाळी आधीचं वजन घेतलं आणि चार दिवसांनी कडक उन्हात नंतरचं, आणि हिशोबाने माझ्या कागदात फक्त ४ टक्के माल गेलेला निघाला. डोकं खाजवत बसलो. मग सुचलं, एक साधा न बुडवलेला कागदाचा गठ्ठा शेजारी ठेवायचा, त्याचं वजन जेवढं हललं तेवढं आपल्या हिशोबातून काढायचं. हे सगळं वहीत.

५. पाणी तयार करणं

एक लिटरला: टाकणखार १०० ग्रॅम, बोरिक ॲसिड ४५ ग्रॅम. किलोभर कागदाला साधारण एक ते सव्वा लिटर लागतं, क्रेप जास्त पितो.

पाणी कुठलं, तर बोरिंगचं नको. आपल्याकडचं बोरिंगचं पाणी किती जड असतं ते गिझरच्या कॉइलला विचारा. त्यात हे टाकलं की थोडं गढूळ होतं, १२-६१ टाकलं तर जास्तच, कारण पाण्यातला चुना आणि फॉस्फेट मिळून खाली बसतं. फिल्टरचं किंवा पावसाचं साठवलेलं घ्या.

पाणी हात घालवेल इतपत गरम करा, उकळतं नको. आधी टाकणखार टाकून ढवळा, पूर्ण विरघळणार नाही, घाबरू नका. मग बोरिक टाका. बघता बघता दोन्ही विरघळतात, कारण एकटा टाकणखार गार पाण्यात लिटरला ५० ग्रॅमच्या आसपासच जातो पण बोरिकसोबत जास्त विरघळतो. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा जादूच वाटली होती, पांढरं दुधाळ पाणी ढवळता ढवळता नितळ झालं. पावडर ओतताना मास्क लावा, वारा असेल तर पाठ वाऱ्याकडे करून उभे राहा.

शेवटी शाम्पूचे चार-पाच थेंब. शेतकरी फवारणीत स्टिकर टाकतात ना, तेच काम, पाणी कागदावर गोळा न होता पसरतं. फेस येईल इतकं नको.

डिसेंबर-जानेवारीत गॅदरिंगसाठी करत असाल तर रात्रीतून बादलीच्या तळाशी खडे जमतात. तो माल पाण्यातून बाहेर पडलेला आहे, म्हणजे वरचं पाणी पातळ झालंय. सकाळी पुन्हा गरम करून ढवळल्याशिवाय वापरू नका.

६. बुडवायचं की फवारायचं

जाड कागद, पुठ्ठा, मांजरपाट, सुतळी: सरळ बुडवा. पुठ्ठ्याला दहा मिनिटं, कापडाला पाच, अधूनमधून उलटं करा. नळीचा पुठ्ठा, म्हणजे खोक्याचा, फार वेळ ठेवला तर थर सुटतात, त्याला दोन्हीकडून ब्रशने पाणी लावलेलं बरं. कापड पिळताना जोर लावू नका, पिळून काढलं तर मालही गेला.

पातळ ताव आणि क्रेप बुडवले की लगदा होतो. जाळीवर पसरा, बारीक फवारा, वाळू द्या, उलटा, पुन्हा फवारा. एका वेळेला भिजवून टाकण्यापेक्षा तीन हलके हात चांगले. क्रेपचा रंग सुटतो, गुलाबी आणि जांभळा तर हमखास, आणि ताणलेल्या चुण्या सपाट होतात. म्हणून झालर आधी कापू नका, आधी पाणी मारा, वाळवा, मग कापा.

पाठीवरचा फवारणीचा पंप वापरायचा मोह होतो, माल जास्त असेल तर वापराच, पण आधी तो कशाला वापरला होता ते बघा. कीटकनाशक, तणनाशक मारलेला पंप देवाच्या मखरावर आणि त्याखाली बसणाऱ्या लोकांवर नको. नवीन किंवा तीनदा धुतलेला घ्या, आणि काम झाल्याबरोबर गरम पाणी मारून ठेवा नाहीतर नोझलमध्ये खडा बसतो.

हळदीने रंगवलेला कागद असेल तर तो लालसर होतो. टाकणखार अल्कधर्मी आहे, हळदीला तो चालत नाही. हळदीचं कुंकू करताना टाकणखार वापरतात ते यासाठीच, पण तुम्हाला पिवळं मखर हवं होतं तर मात्र फजिती. कुठलाही रंगीत कागद असो, आधी एक तुकडा करून बघा.

७. वाळवणं, माझी सगळ्यात मोठी चूक इथे झाली

गॅदरिंगसाठी मांजरपाटाचा पडदा केला होता, बारा फुटी. टबात बुडवला, गच्चीवर दोरीवर टाकला, एप्रिलचं ऊन, अर्ध्या तासात कडकडीत. खालच्या कडेची एक पट्टी कापून जाळली, लगेच विझली, मी खूश. मग सहज, काही कारण नसताना, वरच्या कडेची पट्टी जाळली आणि ती भुरकन वरपर्यंत गेली.

कारण सोपं आहे. उभा टांगला की पाणी खाली ओघळतं आणि माल घेऊन जातं. खालची कड पांढरी कडक झालेली, वरची जवळजवळ कोरी. शिवाय कडक उन्हात पाणी जिथून उडतं तिथे माल गोळा होतो, म्हणजे कडांना आणि पृष्ठभागावर, आतला भाग उपाशी राहतो.

म्हणून आडवं वाळवा, जाळीवर, खाटेवर, सावलीत. आपल्याकडे उन्हाळ्यात सावलीतसुद्धा लवकर वाळतं, घाई कशाला. आडवी जागा नसेल तर दोरीवर टाका पण दर दहा मिनिटांनी वरची बाजू खाली करा. पत्र्याच्या शेडवर टाकू नका. अमोनियावालं काही वापरलं असेल तर तापलेल्या पत्र्याखाली बंद खोलीत वाळत घालू नका, वास सुटतो.

वाळल्यावर पांढरी बुरशीसारखी पावडर दिसली तर माल वर आलाय, जास्त झालाय. हलक्या ब्रशने झटका, पुढच्या वेळी दोन पातळ हात द्या.

८. जाळून बघा, हे टाळू नका

उघड्यावर, शेजारी पाण्याची बादली, अंगावर नायलॉनची ओढणी किंवा सुटा शर्ट नको. बोटभर रुंद आणि वीतभर लांब पट्ट्या कापा: एक वरून, एक मधून, एक खालून, आणि एक साधी, न बुडवलेली. पकडीत वरचं टोक धरा, खालच्या टोकाला लायटरची ज्योत बारा सेकंद. मोजा, अंदाजाने नको.

ज्योत बाजूला केल्यावर दोन सेकंदांत विझली पाहिजे. मग डोळे बारीक करून काळ्या कडेकडे बघा, लाल रेघ सरकतेय का? सरकत असेल तर बोरिक कमी पडलंय. जळका तुकडा पेटत खाली पडला तर नापास. तिन्ही पट्ट्या पास झाल्या तरच पास, तीनातली एक गेली तर सगळं पुन्हा.

पोरांना आणि मंडळाच्या अध्यक्षांना साधी पट्टी आधी दाखवा. अगदी तीन-चार सेकंदांत बोटापर्यंत येते, त्यानंतर कुणी विचारत नाही की एवढा खटाटोप कशाला.

वहीत तारीख, प्रमाण, आधीचं-नंतरचं वजन, आणि पट्ट्या चिकटवून ठेवा.

९. गम, रंग आणि लगदा

टाकणखार लावलेल्या ओल्या कागदावर पांढरा गम, तो पीव्हीएचा, लावला की त्याचा रबरासारखा गोळा होतो. पोरं स्लाइम करतात ना, तीच क्रिया. मी लगद्याच्या मुखवट्यासाठी गम आणि टाकणखाराचं पाणी एकत्र केलं होतं, घमेल्यात हातभर लांब शेंबूड तयार झाला, त्यातून कागद काढता येईना. तर एक, कागद पूर्ण वाळल्यावरच गम लावा. दोन, लगद्याला गम नको, मैद्याची किंवा साबुदाण्याची खळ घ्या. खळीला टाकणखार उलट मानवतो, खोक्यांच्या कारखान्यात स्टार्चच्या गमात तो मुद्दाम टाकतात चिकटपणासाठी. शिवाय झुरळ आणि कसर लागत नाही हा वरचा फायदा.

रंग नंतर. आधी रंग मारला की पाणी आत शिरतच नाही. ऑइल पेंट आणि स्पिरिटवाली वॉर्निश टाळा, खालचा कागद कितीही तयार असला तरी वर जळणारा थर दिलात तर काय उपयोग. पाण्यातले रंग, पातळ.

१०. लावताना

दिवा मखराच्या कागदापासून हातभर लांब, काचेच्या चिमणीत किंवा समईखाली परात घेऊन. कानबाईला रात्रभर दिवा तेवत ठेवायचा असतो, तो विझवा असं मी म्हणणार नाही, पण पाळीपाळीने एकाने जागं राहायचंच असतं ना, त्याला बादली कुठे आहे ते सांगून ठेवा. हॅलोजन नको, एलईडी माळा, आणि वायरचे जोड कागदामागे दडवू नका.

पाऊस लागला की माल धुऊन जातो. हे मीठच आहे शेवटी. गणपतीत मंडपाच्या कडेचा भाग भिजला तर वाळल्यावर तो कोराच धरायचा, पुन्हा फवारायचा आणि पुन्हा पट्टी जाळायची. मागच्या वर्षीचं जपून ठेवलेलं मखर काढलं तरी तेच.

सार्वजनिक मंडपाचं असेल तर या घरगुती कामावर कुणी प्रमाणपत्र देत नाही, वही दाखवून भागत नाही. पालिकेची परवानगी, पोलिसांची परवानगी, महावितरणचं तात्पुरतं कनेक्शन, अग्निशमनवाले मागतील ते कागद, सगळं वेळेत करा. मंडपासाठी भारतीय मानक आयएस ८७५८ आहे, मंडपवाल्याला ते माहीत आहे का एवढं तरी विचारा. हरियाणात डबवालीला १९९५ मध्ये शाळेच्या कार्यक्रमाचा मंडप पेटला, ४०० हून जास्त माणसं गेली. वाटा मोकळ्या ठेवा, मागचा पडदा बांधून टाकू नका. फोन १०१ किंवा ११२.

११. उरलेलं पाणी

झाकणाच्या कॅनमध्ये भरा, वर मोठ्या अक्षरात काय आहे, किती तारखेचं आहे आणि 'पिण्याचे नाही' लिहा, पाण्याच्या जुन्या बाटलीत तर कधीच नको. पुढच्या वेळी गरम करून वापरता येतं. झाडाला ओतू नका. बोरॉन झाडाला चिमूटभर लागतं, त्याच्यावर गेलं की विष. मी पहिल्या वर्षी अर्धी बादली आत्याच्या लिंबाच्या आळ्यात ओतली होती, म्हटलं शेतीतलंच औषध आहे, बरंच होईल. पंधरा दिवसांत पानांच्या कडा पिवळ्या पडून करपल्या. झाड वाचलं, पण अजूनही मी गेलो की आत्या आधी हातातल्या पिशवीकडे बघते.